लक्झेंबर्गमधल्या एश शहरातल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

लक्झेंबर्गवरचं व्याख्यान छान पार पडलं. श्रेय तुमचं. जुन्या वळणाच्या जर्मन छपाईतली १९१९ची वर्तमानपत्रं तुम्ही रात्री जेवणं उरकून, फोनवर ओळ न् ओळ मराठीत सांगितलीत. "सार्वमताचे दोन्ही प्रश्न शेजारी ठेव, मगच बोल," हे तुमचं सांगणं मी घट्ट धरून ठेवलं.

आमच्याकडे या देशावर पुस्तकात एखादी ओळ असते. पण केवढं घडलंय तिथे! पहिल्या महायुद्धात ग्रँड डचेस, म्हणजे तिथली राणी, मारी-आदेलाइद जर्मनांकडे झुकली, असा लोकांचा राग होता. जानेवारी १९१९मध्ये राजधानीत प्रजासत्ताकाची घोषणा झाली. फ्रेंच सैन्याने तो उठाव मोडला, तरी आठवडाभरात तिने गादी सोडली आणि धाकटी बहीण शार्लोट आली. मे महिन्यात घटना दुरुस्त होऊन सार्वभौमत्व राष्ट्राकडे गेलं, बायकांनाही मताचा हक्क मिळाला.

मग २८ सप्टेंबरच्या सार्वमताचा कौल. गादीवर कोण, आणि आर्थिक युती कोणाशी? जर्मन जकात संघातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, लोखंड-पोलादावर जगणाऱ्या देशाला दुसरा प्रश्न पोटाचाच होता. शार्लोटला जवळपास ७८ टक्के मतं, फ्रान्सशी युतीला ७३ टक्के. फ्रान्सने पाठ फिरवली आणि १९२१मध्ये करार झाला तो बेल्जियमशी! लोकांनी मागितलेलं एक मिळालं, एक नाही. तुमच्यामुळेच मला हे एकाच दिवसाचे दोन निकाल म्हणून मांडता आलं.

सगळ्यात जास्त प्रश्न आले ते १९३७वर. कम्युनिस्ट पक्षावर बंदी आणणारा तो मुस्कटबंदीचा कायदा संसदेने मंजूर केला, पण ६ जूनच्या सार्वमतात तो पडला. विरोधात ५०.६७ टक्के! पंतप्रधान जोसेफ बेश यांनी पद सोडलं. राजघराणं राखणारे मतदार सरकारलाही असं अडवू शकतात, हे ऐकून मागच्या रांगेतली मुलं उठून प्रश्न विचारू लागली. माझ्या मते त्या वीस वर्षांतली हीच सर्वांत मोठी घटना, आणि तिच्यापर्यंत तुम्ही मला हात धरून नेलंत.

व्याख्यान लिहून काढते आहे. झालं की पाठवते, नावांचे उच्चार तेवढे तपासून द्याल ना? काकूंना नमस्कार.

तुमची,
एक इतिहास शिक्षिका