तिला एकटीला विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवऱ्याने मारहाण केलेल्या बाईची कालच्या अंकातली पान तीनवरची बातमी वाचून संताप झाला. 'महिलेने आधी तक्रार का दिली नाही' हा प्रश्न तुम्ही पुन्हा पुन्हा विचारला आहे. रुग्णालयाला मात्र एकही प्रश्न नाही. ती बाई याआधी दोनदा कॅज्युअल्टीत जाऊन आली होती, हे तुमच्याच बातमीच्या शेवटच्या ओळीत आहे.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला मी रात्री असंच नेलं होतं. भुवई फाटलेली, मनगट सुजलेलं. मागोमाग नवरा आलाच. डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?" तो तिच्या उशाशी उभा. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोरीत घसरले." केसपेपरवर तेच उतरलं. मी सिस्टरना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं, तर म्हणाल्या, "मावशी, पेशंट सांगेल तेच आम्ही लिहिणार." मग पेशंटला एकटीला विचारा ना! नवऱ्याला औषधं आणायला पिटाळा, पडदा ओढा, मग विचारा. टाके त्यांनी फार चांगले घातले, त्याबद्दल आभारच मानते. पण आज कोर्टात नवऱ्याचा वकील तोच केसपेपर पुढे करतो आहे.

मी काही अशक्य मागत नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 2000 साली 'दिलासा' केंद्र सुरू केलं, ते अशा बायकांसाठीच. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2006 पासून लागू आहे. घरातल्या हिंसेच्या घटनेचा अहवाल, म्हणजे या कायद्याखालची लेखी नोंद, हातात नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, असं त्याचे नियम सांगतात. बाईने मदत मागितली आणि तो अहवाल झालेला नसेल, तर रुग्णालयानेच भरून याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. तपासणीच्या अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची. आमच्याकडे रात्रपाळीला हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

तुमच्या बातमीदाराने रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटून त्या बाईच्या आधीच्या केसपेपरांवर काय लिहिलं आहे ते विचारावं, आणि उत्तर छापावं.

आणखी एक. बातमीत तुम्ही गल्लीचं नाव आणि नवऱ्याचं दुकान कशाचं तेही दिलं आहे. त्या गल्लीत तसं दुकान एकच असेल, तर नाव न छापून काय उपयोग? उद्या तिला तिथेच राहायचं आहे.

माझंही नाव-गाव छापू नये. शेजारचा खटला अजून चालू आहे.

आपली,
एक जुनी वाचक