वेग मोजावा, प्रवासाची नोंद साठवू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वेगमर्यादेच्या अंमलबजावणीचा विषय निघाला की रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेगमापक यंत्राची चाहूल चालकाला देणारे उपकरण, वापरण्याची मुभा आणि वाहनांवरील इलेक्ट्रॉनिक पाळतीला असलेला विरोध हे दोन्ही मुद्दे एकाच दावणीला बांधले जातात. माझ्या मते ते पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्याला माझा ठाम विरोध आहे आणि दुसऱ्याला तितकाच ठाम पाठिंबा आहे.

पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या स्पीड गनमधून निघालेल्या रडार लहरी धावत्या वाहनावर आपटून परततात तेव्हा त्यांची वारंवारता बदललेली असते, आणि ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार त्या फरकावरून वेग काढला जातो. पुढच्या वाहनांवर रोखलेल्या गनच्या विखुरलेल्या लहरी दुरूनच टिपून चालकाला सावध करणे, एवढेच डिटेक्टरचे काम. लेसर गनचा किरण मात्र इतका अरुंद असतो की इशारा वाजेपर्यंत बहुधा मोजणी होऊन गेलेली असते. डिटेक्टरमुळे चालक वेग कमी करतो, म्हणजे सुरक्षितताच वाढते, असे त्याचे समर्थक म्हणतात. परंतु वळण, शाळा, रस्ता ओलांडणारा माणूस यांपैकी या उपकरणाला काहीच कळत नाही. त्याला फक्त गन कळते, आणि ती मागे पडली की चालकाचा पाय पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात आणि फ्रान्समध्ये डिटेक्टरवर बंदी आहे. ती मला रास्त वाटते.

हा आग्रह दंडवसुलीसाठी नाही. कोरडा रस्ता, उत्तम ब्रेक आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद गृहीत धरून गणित मांडले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे ३७ मीटरमध्ये थांबते. एखादे मूल तेवढ्याच अंतरावर ताशी ८० किलोमीटर वेगाच्या मोटारीसमोर आले, तर पहिली मोटार जिथे स्थिर उभी राहिली असती तिथे ही दुसरी अजून ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. वेगाची वाढ वीस किलोमीटरची दिसते, परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ती शरीर सोसू शकत नाही.

म्हणूनच दोन ठिकाणी कॅमेरे बसवून त्यांच्यामधील सरासरी वेग मोजणारी पद्धत मला अधिक न्याय्य वाटते. ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असलेला दहा किलोमीटरचा टप्पा साडेसात मिनिटांपेक्षा लवकर पार झाला, तर चालकाने मर्यादा ओलांडली हे उघड आहे. तिथे कॅमेऱ्याजवळ क्षणभर ब्रेक दाबून सुटका होत नाही आणि डिटेक्टरही निरुपयोगी ठरतो.

परंतु खरी काळजी इथूनच सुरू होते, कारण या हिशेबासाठी पहिल्या कॅमेऱ्याला प्रत्येक वाहनाची, म्हणजे नियम पाळणाऱ्याचीही, नंबर प्लेट टिपावीच लागते. जर्मनीत हॅनोव्हरजवळ २०१९ मध्ये अशी यंत्रणा सुरू झाली, तेव्हा तिला पुरेसा कायदेशीर आधार नसल्याच्या कारणावरून न्यायालयाने ती थांबवली, आणि राज्याने कायद्यात तरतूद केल्यानंतरच ती पुन्हा सुरू झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये, वैध वॉरंटशिवाय मोटारीला जीपीएस यंत्र लावून २८ दिवस तिच्या हालचाली टिपणे ही घटनेच्या अर्थाने झडतीच आहे, असा एकमताने निकाल दिला होता. साठवलेल्या नंबर प्लेटमधून त्याहून लांबचा माग, तोही सर्वांचा आणि कोणतेही यंत्र न लावता, काढता येतो. कोण कोणत्या डॉक्टरकडे, वकिलाकडे, सभेला किंवा प्रार्थनास्थळी गेले, हे त्यातून उलगडते. ‘लपवण्यासारखे नसेल तर भीती कशाची?’ असे विचारणाऱ्यांनी इतके लक्षात घ्यावे की, एका कामासाठी जमवलेली यादी दुसऱ्या कामासाठी उघडण्याचा निर्णय आपल्याला विचारून घेतला जात नाही.

यावर उपाय अवघड नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या कायद्यानुसार, पोलिस शोधत असलेल्या वाहनांच्या यादीशी न जुळलेल्या नंबर प्लेटची नोंद तीन मिनिटांत पुसावी लागते. सरासरी वेगाच्या यंत्रणेतही दुसरा कॅमेरा ओलांडून हिशेब पूर्ण झाला आणि मर्यादा मोडलेली नसेल, तर त्या वाहनाची नोंद त्याच क्षणी आपोआप नष्ट व्हावी, तिची प्रत कुठेही राहू नये आणि हे खरोखर घडते की नाही याची तपासणी पोलिसांबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेने करावी. ही अट कॅमेरे बसवण्यापूर्वीच कायद्यात लिहिली गेली पाहिजे. नोंदी एकदा साचल्या की त्या पुसण्याची घाई कोणालाच नसते.

आपला,
एक वाहनचालक