आई-बाबा, चिंगीला स्वतःहून जवळ येऊ द्या

तीर्थरूप आई आणि तीर्थरूप बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

चिंगी ही छोटी कुत्री घरी आल्यापासून तुम्हा दोघांच्या फोनवर दोन निराळ्या तक्रारी ऐकतो आहे. आईचे म्हणणे असे की ती सोफ्याखालून बाहेरच येत नाही, आणि ओढून मांडीवर घेतले तर अंग ताठ करून बसते. बाबांचे म्हणणे असे की लाड थांबवून आत्ताच शिस्त लावली नाही, तर ती जन्मभर भित्रीच राहील. फोनवर या विषयाचे दरवेळी वादात रूपांतर होते, म्हणून सविस्तर लिहितो आहे. माझ्या मते तुमच्या दोघांच्या तक्रारींचे मूळ एकच आहे: चिंगी आकाराने लहान असल्यामुळे तिच्या नकाराकडे दुर्लक्ष करणे आपल्याला फार सोपे जाते.

मोठा कुत्रा गुरगुरला की माणूस निमूटपणे मागे सरतो. साडेतीन किलोची कुत्री गुरगुरली की आपण हसतो आणि तिला उचलून घेतो. तिने तोंड फिरवले, कान मागे पाडले, ओठांवरून जीभ फिरवली, झोप आलेली नसताना जांभई दिली, एक पाय उचलून धरला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहिले, तर या सर्वांचा अर्थ ‘मला थोडे अंतर हवे आहे’ असाच असतो. हे सौम्य इशारे वारंवार वाया गेले की कुत्रा ते देणे सोडतो आणि थेट दात लावतो. मग लहान कुत्री चिडकीच असतात, असे म्हणून लोक मोकळे होतात. २०१० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी कुत्री पाळणाऱ्यांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात असे आढळले की लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत असतात आणि त्यांच्याबरोबर शिकण्या-खेळण्यात कमी वेळ घालवतात. शिवाय वारंवार केलेल्या शिक्षेचा भित्रेपणाशी असलेला संबंध लहान कुत्र्यांमध्ये ठळकपणे दिसला. म्हणजे जातीच्या स्वभावाइतकाच माणसांच्या वागण्याचाही यात वाटा असतो.

बाबा, तुमचे वजन पासष्ट किलो धरले, तर तुम्ही तिच्या अठरापटींहून अधिक जड आहात. एवढा मोठा प्राणी आपल्यावर वाकून डोक्याच्या दिशेने हात आणू लागला, तर त्याचा हेतू चांगला आहे की वाईट हे ठरवत बसण्याइतका धीर कोणालाच राहणार नाही. त्यातून पिल्लू साधारण ३ आठवड्यांचे असल्यापासून ते १२ ते १४ आठवड्यांचे होईपर्यंतचा काळ माणसे, आवाज, जिने, वाहने यांची ओळख होण्यासाठी सर्वांत महत्त्वाचा असतो. तो काळ चिंगीने कोठे आणि कसा काढला, याची आपल्याला काहीच माहिती नाही. तो परत आणता येत नाही. मात्र वयाने मोठी कुत्रीसुद्धा शिकतात, फक्त अधिक सावकाश शिकतात.

सोफ्याखालची जागा तिने स्वतः निवडली आहे, तेव्हा ती तिचीच राहू द्या. तिथे एक जुनी चादर सरकवून ठेवा, पाण्याचे भांडे जवळच असू द्या, आणि कोणत्याही कारणासाठी तिला हात घालून बाहेर काढू नका. प्राणी-निवाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब सांगतात: पहिले ३ दिवस कुत्रा बावरलेला असतो, ३ आठवड्यांत त्याला घराची दिनचर्या कळू लागते, आणि घर आपले वाटायला ३ महिने लागतात. हा नियम नव्हे, केवळ अंदाज आहे. भित्र्या कुत्र्याला याहून बराच अधिक वेळ लागू शकतो, त्यामुळे कॅलेंडर पाहून निराश होऊ नका.

आई, तुला गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. खुर्चीत तिच्याकडे एक कूस करून बस, तिच्या डोळ्यांत पाहू नकोस, वाटल्यास वर्तमानपत्र वाचत राहा. अधूनमधून खाऊचा एक बारीक तुकडा टाक, पण तो स्वतःजवळ न टाकता तिच्या पलीकडे, तुझ्यापासून दूर जाईल असा टाक. हे उलटे वाटेल, परंतु त्यामागे कारण आहे. हातातला खाऊ दाखवून तिला जवळ बोलावले, तर खाण्याच्या ओढीने ती तिच्या धैर्यापेक्षा जास्त जवळ येते. तुकडा संपला की आपण कोठे येऊन पोहोचलो हे तिच्या लक्षात येते आणि ती पहिल्यापेक्षा अधिक घाबरून पळते. तुकडा मागे पडला, तर खाण्यासाठी तिला दूर जाता येते, अंगावरचा ताण उतरतो, आणि पुढच्या तुकड्याच्या आशेने ती आपण होऊन वळते. जवळ यायचे की नाही हा निर्णय तिच्याकडे राहतो. काही काळाने ती तुझ्या पायाशी येऊन वास घेईल, आणि तेव्हाही तू लगेच हात पुढे करू नयेस अशी माझी विनंती आहे.

पुढे ती स्पर्श करू देऊ लागली, की डोक्यावरून हात न फिरवता छातीला किंवा हनुवटीखाली तीनच सेकंद खाजवून हात काढून घे. ती टेकून राहिली किंवा नाकाने हात ढोसू लागली, तर तिला आणखी हवे आहे. ती बाजूला झाली, अंग झटकले किंवा नुसती गोठून उभी राहिली, तर तेवढे पुरे. गोठून उभी राहिलेली कुत्री शांत आहे असे समजून माणसे तिला कुरवाळत राहतात, आणि भित्र्या कुत्र्यांच्या बाबतीत होणारा सर्वांत मोठा गैरसमज हाच असावा. मात्र ती घाबरून स्वतः तुझ्याजवळ आली, तर तिला खुशाल जवळ घे. धीर दिल्याने भीती वाढते असे अनेक जण सांगतात, त्यात तथ्य नाही. कोणी पाठीवरून हात फिरवला म्हणून कोणी जास्त घाबरू लागत नाही.

बाबा, आता शिस्तीविषयी. कुत्रा खाऊ मिळतो म्हणून बसायला शिकतो, हे तुम्हाला लाचेसारखे वाटते, हे मला ठाऊक आहे. परंतु पगार न घेता तुम्हीही कधी कामावर गेला नव्हता. अमेरिकेतील प्राणी-वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या भूमिकेत सर्व कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारलेल्याच पद्धती वापराव्यात असे स्पष्ट म्हटले आहे, आणि आक्रमक कुत्रीही त्याला अपवाद मानलेली नाहीत. ओरडणे, मानेला हिसका देणे, नाक जमिनीला लावणे यांनी वर्तन त्या क्षणी थांबते, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. कुत्र्याच्या मनात मात्र ‘हा माणूस जवळ आला की वाईट घडते’ एवढेच उरते. गुरगुरण्याबद्दल तर तिला कधीही रागावू नका. तो धोक्याचा इशारा आहे, आणि तो बंद पाडणे आपल्याच हिताचे नाही.

तुम्ही परवा सांगितले की तुम्ही वाकून हाक मारली की ती जागच्या जागी लघवी करते, आणि ही खोड मोडली पाहिजे. ही खोड नाही. अतिशय दबलेला कुत्रा समोरच्या मोठ्या प्राण्याला ‘मी तुला विरोध करत नाही’ असे या रीतीने सांगतो. त्याबद्दल रागावले, तर ती आणखी दबते आणि आणखी करते. न वाकता, बाजूला वळून, हळू आवाजात हाक मारली की बहुतेक वेळा हे आपोआप कमी होते. बाकी शू-शीची सवय सरळ आहे. लहान कुत्र्याचे मूत्राशयही लहान असते, त्यामुळे झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर तिला ठरलेल्या जागी न्या, आणि काम झाल्याबरोबर तिथेच खाऊ द्या. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात येण्याचा ठरतो. घरात चुकून झाले तर काही न बोलता पुसा. अमोनियाचा वास असलेले क्लीनर वापरू नका, कारण तो वास लघवीशी मिळताजुळता असल्याने तिला तीच जागा योग्य वाटू लागते.

शिकवण्यासाठी आरंभी चारच गोष्टी पुरेत: स्वतःचे नाव, हाताच्या तळव्याला नाक लावणे, ‘ये’ आणि ‘बस’. एका वेळी दोन-तीन मिनिटांहून अधिक नको. नाव उच्चारा, तिने नुसते पाहिले तरी सेकंदभरात खाऊ द्या. उशीर झाला तर बक्षीस कशाचे हे तिला कळत नाही. नाक लावण्याचा खेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढे तिला सोफ्यावरून उतरवायचे असो, वजनकाट्यावर न्यायचे असो किंवा वाटेतून दूर करायचे असो, न उचलता हे काम होते. ‘बस’ मात्र तुम्ही खुर्चीत बसूनच शिकवा. उभे राहून शिकवल्यास तिला मान फार वर करावी लागते आणि तुम्ही तिच्यावर झुकलेले दिसता. शब्द दोघांनी एकच वापरायचा. आईने ‘ये गं राणी इकडे’ आणि बाबांनी ‘चल’ म्हटले, तर तिच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषध द्यायला किंवा अंघोळ घालायला ‘ये’ म्हणून कधीही बोलावू नका, नाहीतर हा शब्द वाया जाईल. खाऊचा तुकडा वाटाण्याच्या निम्म्याने पुरतो. असा वरखाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, कारण एवढ्याशा देहावर थोडेसे वजनही सांध्यांना भारी पडते. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेले काहीही तिला विषारी आहे, हे आई, येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही सांगून ठेव.

मिक्सरच्या आवाजाने ती थरथरते, याचे आश्चर्य नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच्या (हर्ट्झ हे आवाजाच्या पट्टीचे माप) उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. मोबाइलवर मिक्सरचा आवाज ध्वनिमुद्रित करा, अगदी हळू वाजवा, आणि आवाज सुरू झाल्यानंतर तिला काहीतरी फार आवडीचे द्या. क्रम महत्त्वाचा आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रसिद्ध प्रयोगातल्या कुत्र्यांच्या बाबतीतही इशारा आधी आणि अन्न नंतर असेच होते; आधी खाऊ दिला तर खाऊ दिसला की आता भयंकर आवाज येणार, असे ती शिकेल. आवाज थोडाथोडा वाढवा. तिने खाणे थांबवले तर आपण पुढे गेलो असे समजून एक पायरी मागे या. घाबरलेल्या कुत्र्याला घास घेववत नाही, त्यामुळे तिची भूक हे तुमच्याजवळचे सर्वांत विश्वासाचे मोजमाप आहे.

उचलण्यावाचून गत्यंतर नसेल तेव्हा आधी ‘उचलते’ असा ठरलेला शब्द उच्चारा, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घ्या. लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास बराच आढळतो, म्हणून सोफ्यावरून उड्या मारू देण्याऐवजी एक ठेंगणी पायरी ठेवावी. फरशीवर न घसरणारी चटई घातली तर तिच्या पायांना आधार मिळेल, आणि तुमच्याही. रात्री बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा ठेवा. एवढीशी कुत्री अंधारात पायात आली तर तुम्ही पडाल, ही माझी स्वतःची काळजी आहे, आणि ती मी लपवत नाही.

पशुवैद्यांना एकदा तिचे दात, कान, गुडघे नीट तपासायला सांगा, कारण दुखणे हे भित्रेपणाचे फार वेळा दुर्लक्षित राहणारे कारण असते. तिने दिवसभर अन्नाला तोंडच लावले नाही, तर वाट न पाहता त्यांना फोन करा. लहान अंगाच्या कुत्र्याला उपास झेपत नाही. पाहुणे आले तर त्यांनी तिच्याकडे पाहूही नये, असे दारातच सांगायला संकोच वाटून घेऊ नका.

फिरायला नेण्याची घाई नाही, पण तिच्यासाठी हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा, मात्र मी मागवतो आहे. लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते आणि गळपट्ट्याला ताण बसला की तिच्यावर दाब येतो, म्हणून दोरी नुसत्या गळपट्ट्याला बांधायची नाही. भित्री कुत्री दचकून मागे सरकतात आणि सैल हार्नेसमधून निसटतात, तेव्हा माप नेमके हवे. बाबा, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि मानेचा खालचा घेर, अशी दोन मापे शिंप्याच्या टेपने घ्यायची आहेत. टेप आधी दोन दिवस तिच्या जागेजवळ नुसती पडू द्या, मग आई खाऊ देत असताना अंगाला लावून पाहा, आणि ती बाजूला झाली तर त्या दिवशी राहू द्या. मापे मिळाली की लगेच कळवा, म्हणजे मी त्याच दिवशी मागणी नोंदवीन.

तुमचा,
लेक