गट-स्थलांतराच्या स्क्रिप्टमुळे रक्तदात्यांच्या याद्या बिघडल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मराठी नावांचे संपर्कगट स्थलांतरात एकत्र होणे व मूळ गट पुसले जाणे

महोदय,

पुण्यातील रक्तदात्यांचे संपर्क सांभाळणाऱ्या आमच्या स्वयंसेवी गटाने आपली सशुल्क सेवा घेतली, ती जुन्या समाजमाध्यमावरील आमचे संपर्कगट नव्या ठिकाणी जसेच्या तसे आणणारी स्क्रिप्ट (आपोआप काम करणारी छोटी संगणक-आज्ञावली) आपण सोबत देता म्हणून. स्क्रिप्ट चालवल्यावर ‘स्थलांतर यशस्वी’ असा संदेश आला. प्रत्यक्षात याद्यांची पार सरमिसळ झाली आहे.

आमच्या गटांच्या नावात आधी रक्तगट आणि मग भाग येतो: ‘ओ निगेटिव्ह कोथरूड’, ‘ओ निगेटिव्ह हडपसर’, ‘ओ निगेटिव्ह कात्रज’. आपली स्क्रिप्ट उघडून वाचली असता ती नाव ३२ बाइटपाशी (बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे छोटे एकक) तोडते, असे दिसले. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो, वेलांटी असो वा हलन्त, ३ बाइट लागतात. त्यामुळे ‘ओ निगेटिव्ह’ लिहिण्यातच ३१ बाइट खर्ची पडतात, पुढच्या मोकळ्या जागेने ३२ भरतात आणि भागाचे नाव पूर्ण गळून पडते. उरलेली तिन्ही नावे सारखीच झाल्याने स्क्रिप्टने तिन्ही गट एकच मानले. ‘एबी निगेटिव्ह’ तर शब्दाच्या मधेच तुटून ‘एबी निगेटिव’ आणि पुढे चौकटीतले प्रश्नचिन्ह असे उरले आहे. हीच नावे रोमन लिपीत असती तर सहज मावली असती. यावरून मराठी नावांवर चाचणी झालीच नसावी, असे आम्हाला वाटते.

शिवाय स्क्रिप्ट एका संपर्काला एकच गट लावते. दोन रक्तदानांत पुरुषांना ३ आणि स्त्रियांना ४ महिन्यांचे अंतर ठेवावे लागते, म्हणून नुकतेच रक्त दिलेल्यांची नावे आम्ही ‘विश्रांती’ या गटातही ठेवत होतो. ती नोंद गेल्याने त्यांनाही निरोप गेले. “ताई, मी आत्ताच तर देऊन आले, लगेच परत कशी येऊ?” असे एका रक्तदात्रीने काळजीने विचारले. ओ निगेटिव्ह दाते मुळातच मोजके. त्यांना नको तेव्हा बोलावले की खऱ्या गरजेच्या वेळी ते फोन उचलतील, याची खात्री उरत नाही.

सर्वांत गंभीर बाब अशी की, नव्या ठिकाणचे गट जुन्यांशी ताडून न पाहता आणि आम्हाला न विचारता स्क्रिप्टने मूळ गट पुसून टाकले. यावर आपल्या प्रतिनिधीने ‘गटांची नावे इंग्रजीत ठेवा’ एवढेच सुचवले. हे आम्हाला मान्य नाही. आमचे स्वयंसेवक आणि दाते मराठीत व्यवहार करतात, आणि मराठी नावे चालणार नाहीत असे सेवा विकताना आपण कुठेही सांगितले नव्हते.

तरी आपल्याकडील बॅकअपमधून आमचे मूळ गट सदस्यांसह परत मिळवून द्यावेत, नावाची मर्यादा बाइटऐवजी अक्षरांवर मोजावी, एका संपर्काला अनेक गट लावण्याची सोय करावी आणि ग्राहकाने पडताळून संमती दिल्याशिवाय मूळ गट पुसले जाऊ नयेत, अशी दुरुस्ती करावी. स्थलांतरापोटी घेतलेले शुल्कही परत मिळावे. लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे आम्ही दाद मागू.

आपली,
समन्वयक, रक्तदाता गट
कोथरूड, पुणे