पैसे जातात कुठे?

सिडको, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दोघं कमावता, मग पैसे जातात कुठे?" मी चिडून फोन ठेवला. चुकलंच माझं. आज हिशोबाची वही घेऊन बसले आहे.

यांचे अंबडच्या कारखान्यातले 16 हजार, तेही ठेकेदाराच्या हातून. माझे दवाखान्यातले 9. त्यातले 7500 भाड्याला. मग शाळेची व्हॅन, गॅस, लाईटबिल, गाडीचा हप्ता, पेट्रोल. वीस तारखेला किराणा संपतो आणि दुकानात उधारी सुरू होते. (हे यांना ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका.) गेल्या महिन्यात धाकटीच्या तापात 3200 गेले. भिशीतून उचल घेतली.

पेपरात गरिबी घटल्याचं वाचलंत ना? घटलीही असेल, आपल्या वस्तीवर आता कुणी उपाशी झोपत नाही हे मलाही दिसतं. पण गरिबीची रेषा कुठे आखली आहे ते बघा. सरकारच्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी शहरात माणशी महिना 1000 रुपये खर्चाला धरले होते, म्हणजे दिवसाला 33. रंगराजन समितीने 2014 मध्ये ते 1407 केले. जुन्या हजाराने आमच्या चौघांचे 4000. तेव्हापासून महागाई दुप्पट धरली तरी 8000. भाडं दिलं की उरले 500. त्यात महिना भागवून आम्ही रेषेवर, आणि वर पाच रुपयांचं बिस्कीट घेतलं की गरिबीतून बाहेर!

केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला 8333. आमचं पांढरं. रेशनचा दाणा नाही.

वही चाळताना एक लक्षात आलं. बाजरी, कांदे, तुरीची डाळ कुठेच लिहिलेली नाही. आई, तू कळवणहून एसटीत पोतं चढवून देतेस, मी सीबीएस स्टँडवरून उतरवून आणते. कांदा कडाडला तेव्हासुद्धा मला त्याचा भाव माहीत नव्हता.

म्हणून बाबा, आता मीच विचारते, तुमचे पैसे जातात कुठे? आईच्या गुडघ्याचा एक्सरे दोनदा पुढे ढकललात, तो याच पोत्यापायी का?

दिवाळीआधी तिला इकडे घेऊन या. या खेपेला डाळ पाठवू नका.

तुमची,
ताई