पिशवीची मोजणी आणि कुलपं लागलेली घरं

संपादक महोदय,

ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये सरकारी समितीने 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. शेजारी 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला देशाचा आकडा, शंभरात तीन, आणि लगेच निष्कर्ष की हे ऊसतोडीमुळेच. असेलही. पण त्याच वाडीतल्या, त्याच वयाच्या, कधी कोयता न धरलेल्या बायकांचं काय? त्यांच्याही पिशव्या तेवढ्याच निघाल्या असतील तर उसाच्या फडाइतकंच दवाखान्यांकडेही बघावं लागेल.

मी धारूर तालुक्यात 29 वर्षं आरोग्यसेविका होते. निवृत्तीनंतर ऐन पौषात याच विषयाच्या पाहणीला आलेल्या काही पोरापोरींसोबत हिंडले. टॅब होते, पोरं कष्टाळू होती. पण दिवाळीलाच ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर गेलेल्या, निम्म्या घरांना कुलपं. मग भेटेल तिला विचारायचं. एक बाई भेटली. अकरा हंगाम तोडणी केलेली. पिशवी काढल्यावर कंबर धरली म्हणून घरी राहिलेली. "सध्या ऊसतोडीला जाता का?" "नाही." झालं, ती बिगर-ऊसतोड रकान्यात गेली! धडधाकट फडात, ऑपरेशन झालेल्या घरी. अशाने आकडा उलटाच यायचा.

बरं, विचारायचं कुठं, तर मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, ओट्यावर. ज्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेत त्याच्यासमोर कोणती बाई सांगेल की मासिक पाळीत कामाला खाडा पडला तर दंड कापतात? सगळ्या म्हणाल्या, "काही त्रास नाही."

गुढीपाडव्यानंतर टोळ्या परतल्या की पाहणीला यावं. भेटेल तिला न धरता मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढावीत. "आजवर किती हंगाम केले, शेवटचा कधी" असं विचारावं, आणि ऑपरेशन त्याच्या आधीचं की नंतरचं तेही. दवाखान्याचे कागद बघावेत. बहुतेक घरी ते पत्र्याच्या पेटीत जपलेले असतात. आणि कोणता आकडा आला तर आपला अंदाज चुकला म्हणायचं, हे निघण्याआधीच लिहून ठेवावं. एवढं करणारं कुणी आलं तर घरं दाखवायला मी येईन. ओट्यावर मात्र बसणार नाही.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, धारूर (जि. बीड)