एक टेबल बिनपरीक्षेचे ठेवा

महोदय,

मी एसटीत ३१ वर्षे वाहक होतो. मुक्कामी गाडीवर ड्युटी असली की हिशेब लावून झाल्यावर रात्र खायला उठायची. एकदा रोज येणाऱ्या एका गुरुजींनी गाडीच्या नंबरकडे बोट दाखवले. म्हणाले, ‘यातले आकडे उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या. मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचे पुन्हा तेच करा.’ नंबर होता २७३८. ८७३२ वजा २३७८, आले ६३५४. पुढे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आणि ६१७४ वरून गाडी हलेचना! ७६४१ मधून १४६७ गेले, की पुन्हा ६१७४च.

चारही आकडे सारखे नसले म्हणजे झाले, कुठलाही चार आकडी नंबर फार तर सात वजाबाक्यांत इथेच येतो. हे शोधून काढणारे द. रा. कापरेकर आमच्याच जिल्ह्यात, देवळालीला शाळामास्तर होते. कुणी सांगितले म्हणून नव्हे, आकड्यांचा नाद होता म्हणून ते जन्मभर यात रमले. १९७५ साली गणिताच्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा ते सत्तरीत होते.

मागच्या महिन्यात एका वाचनालयात कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तिथल्या माणसाने विचारले, ‘बाबा, परीक्षा कुठली?’ नाही म्हटल्यावर उठवले. खोली स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी राखीव होती. त्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहतात, त्यांनी अभ्यास करायचा कुठे? पण वाचनालयात शिरायलाही आता परीक्षाच लागणार का? मोडी शिकू पाहणारी बाई, आकाशातले तारे ओळखू पाहणारा पोरगा, यांनी बसायचे कुठे? प्रत्येक वाचनालयाने एक टेबल अशांसाठी मोकळे ठेवावे, एवढीच विनंती आहे.

उठताना शेजारच्या मुलाने माझा कागद पाहिला आणि तो मागोमाग बाहेर आला. चपला घालता घालता स्वतःच्या मोबाइल नंबरातले शेवटचे चार आकडे घेऊन त्याने वजाबाक्या केल्या. पाचव्या खेपेला ६१७४ आले तसा तो पायरीवरच बसला. म्हणाला, ‘काका, पाच आकडी घेतला तर?’ पाच आकड्यांना असा एकच मुक्काम नाही, नंबर गोल गोल फिरत राहतात, हे मला ठाऊक होते. पण मी सांगितले नाही. कागद त्याच्याकडे दिला.

– एक निवृत्त एसटी वाहक, सिन्नर